मराठी ओळीतले हिब्रू अक्षर कसे ओळखावे

माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करतो. कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंच्या कबरींवरचे लेख कुणीतरी उन्हातान्हात फिरून उतरवून घेतले होते आणि ते एका मजकुराच्या फाइलमध्ये टाइप केले होते. प्रत्येक नोंदीत वर हिब्रू ओळ, खाली मराठी. फाइल साफ करायचे काम माझ्याकडे आले: जादा स्पेस, चिकटून आलेली नको ती चिन्हे, तुटक्या ओळी. मी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. देवनागरी, अंक आणि विरामचिन्हे ठेवायची, बाकी सगळे काढून टाकायचे. प्रोग्राम क्षणात चालला, एकही एरर आली नाही, फाइल नीटनेटकी दिसू लागली. दुसऱ्या दिवशी चहा घेताना सहज पहिली नोंद उघडली, तर वरची ओळ रिकामी. मग दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या कबरींवरची हिब्रू नावे गेली होती. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवलेली होती, म्हणून ती परत मिळाली.

मी राहतो काशीला, ब्रह्मा घाटावर. पंचगंगा, दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट या पट्ट्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नाना फडणविसांचा वाडा इथलाच, आणि आंग्र्यांचा वाडाही. त्याला इथे सगळे ‘आंग्रे का बाडा’ म्हणतात. आंग्रे म्हटले की अलिबाग, कुलाबा आठवतो. आणि त्याच अलिबागच्या इस्राएल आळीत, नवगाव, रेवदंडा, पेण, रोहा या भागांत बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे आपल्यासारखीच गावावरून: दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर. घरात बोली मराठी आणि प्रार्थना हिब्रू. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ सालचे, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेले. पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाचे हग्गादा हे पुस्तक छापले गेले, त्यात हिब्रू आणि मराठी दोन्ही आहे, आणि चित्रांतल्या बायका साड्या नेसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. म्हणजे हिब्रू आणि देवनागरी एकाच पानावर येणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. अशी पाने आता संगणकावर येत आहेत, आणि ती सांभाळणाऱ्या प्रोग्रामरला हिब्रू अक्षर ओळखता आले पाहिजे.

कोड लिहिण्याआधी प्रश्न ठरवा. ‘ओळीत हिब्रू आहे का’ हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. ओळीत एक तरी हिब्रू अक्षर आहे का? ओळ पूर्ण हिब्रू आहे का? आणि हिब्रू कुठून सुरू होते, कुठे संपते? पहिल्याचे उत्तर एका तपासणीत मिळते. दुसऱ्यात स्पेस, स्वल्पविराम आणि अंक कुणाच्या खात्यात धरायचे ते ठरवावे लागते, नाहीतर एका स्पेसमुळे शुद्ध हिब्रू ओळही ‘मिश्र’ ठरते. तिसऱ्यासाठी ओळीचे तुकडे पाडावे लागतात. कबरींच्या फाइलला खरे तर तिसरा प्रश्न विचारायला हवा होता. मी एकही विचारला नाही, थेट काढायला बसलो.

आता संगणकाला काय दिसते ते पाहू. त्याला अक्षरे दिसत नाहीत, युनिकोडचे क्रमांक दिसतात. ‘शालोम’ हा शब्द देवनागरीत लिहिला तर पाच क्रमांक होतात: २३५८, २३६६, २३५४, २३७९, २३५०, म्हणजे श, काना, ल, ओकार, म. तोच शब्द हिब्रूत साधा लिहिला तर चार: शिन १५१३, लामेद १५००, वाव १४९३ आणि शेवटचा मेम १५०१. शेवटचा मेम वेगळा, कारण हिब्रूत पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी निराळे रूप येते. मूळ अक्षरे बावीस, त्यात ही पाच रूपे मिळवली की सत्तावीस, आणि ती १४८८ पासून १५१४ पर्यंत ओळीने बसलेली आहेत. पण तोच शब्द प्रार्थनापुस्तकात असतो तसा स्वरखुणांसकट लिहिला तर चाराचे सात क्रमांक होतात. शिनवरचा ठिपका, कामात्स आणि होलाम या तीन खुणा वेगळ्या मोजल्या जातात. डोळ्यांना शब्द तेवढाच दिसतो. शब्दाची लांबी मोजून काही ठरवणारा कोड इथे पहिल्यांदा चुकतो.

या क्रमांकांवरून सगळ्यात सोपा उपाय सुचतो: प्रत्येक अक्षराचा क्रमांक १४२४ ते १५३५ मध्ये आहे का ते पाहा. हा हिब्रूचा मुख्य गट. अक्षरे, स्वरखुणा, पठणाच्या खुणा, सगळे यात येते. घाईच्या कामाला हे चालते आणि मीही ते वापरतो. पण त्याच्या मर्यादा माहीत असू द्या. हिब्रूचे आणखी एक छोटे घर ६४२८५ ते ६४३३५ मध्ये आहे. तिथे ठिपका आधीच जोडलेला शिन, अलेफ आणि लामेद यांचे जोडअक्षर अशी तयार रूपे ठेवलेली आहेत. जुन्या फाइलींत ती सापडू शकतात आणि मुख्य गटाची तपासणी त्यांना ओळखत नाही. उलट बाजूने, गणितात अनंत संचांसाठी वापरतात ते अलेफ चिन्ह, क्रमांक ८५०१, दिसायला हुबेहूब हिब्रू असले तरी ते गणिताचे चिन्ह आहे. शेकेलचे चिन्ह ८३६२ हेही आपल्या रुपयाच्या ८३७७ सारखे फक्त चलनाचे चिन्ह.

गट आणि लिपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला देवनागरीवरून चटकन कळेल. दंड, म्हणजे पूर्णविरामाची उभी रेघ, क्रमांक २४०४, देवनागरीच्या गटात बसवलेला आहे. पण बंगालीही तोच दंड वापरते. आमच्याकडे बंगाली टोला मोहल्ल्यातल्या कुणी शुद्ध बंगालीत परिच्छेद लिहिला आणि तुम्ही गटावरून तपासले, तर दर वाक्याच्या शेवटी एक ‘देवनागरी अक्षर’ सापडेल. म्हणून युनिकोडने प्रत्येक अक्षराला लिपीचा गुणधर्म दिलेला आहे, आणि दंडासारख्या वाटून घेतलेल्या चिन्हांना ‘सामाईक’ म्हटले आहे. जिथे जमेल तिथे क्रमांकांची हद्द विचारू नका, लिपी विचारा.

जावास्क्रिप्टमध्ये २०१८ पासून रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये हे विचारता येते: उलटा स्लॅश, धाकटा पी, आणि महिरपी कंसात ‘स्क्रिप्ट’, बरोबरचे चिन्ह, ‘हिब्रू’. शेवटी यू हा फ्लॅग द्या. तो विसरलात तर एरर येत नाही. तो नमुना पी हे साधे अक्षर समजून शोधत बसतो आणि दर वेळी ‘नाही’ म्हणतो. याच भाषेत ग्लोबल फ्लॅग लावून एकच एक्स्प्रेशन पुन्हा पुन्हा ‘टेस्ट’साठी वापरले तर ते मागची जागा लक्षात ठेवते, आणि तीच ओळ एकदा ‘हो’ तर एकदा ‘नाही’ ठरते. नुसते आहे की नाही एवढेच हवे असेल तर ग्लोबल लावू नका.

पायथॉनच्या घरच्या ‘आरई’ मोड्यूलला लिपी विचारता येत नाही. बाहेरचे ‘रेजेक्स’ मोड्यूल घ्यावे लागते. तेही नको असेल तर ‘युनिकोडडेटा’ मोड्यूलमधून अक्षराचे अधिकृत नाव मागा आणि ते ‘हिब्रू’ या शब्दाने सुरू होते का ते पाहा. मला ही रीत आवडते, कारण गणितातले अलेफ त्यात आपोआप बाहेर राहते आणि जोडअक्षरे आत येतात. फक्त नवी ओळ, टॅब यांसारख्या नियंत्रक अक्षरांना नावच नसते आणि तिथे प्रोग्राम आपटतो, म्हणून नाव मागताना पर्याय म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या.

जावा आणि डॉटनेट दोन्ही वापरणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. ‘इझहिब्रू’ असे एकच लेखन दोन्हीकडे चालते, पण जावात त्याचा अर्थ लिपी आणि डॉटनेटमध्ये गट. जावातला कोड उचलून डॉटनेटमध्ये नेला तर तो चालेल, पण जोडअक्षरे गळतील, आणि ते कळायला महिने जातील. ज्यांना प्रोग्रामिंग करायचे नाही, पण गुगल शीटमध्ये नावांची यादी आहे, त्यांनाही ‘रेजेक्समॅच’ या फंक्शनमध्ये उलटा स्लॅश, पी आणि कंसात ‘हिब्रू’ लिहून हिब्रू असलेल्या ओळी निवडता येतात.

आता स्वरखुणांकडे परत येतो, कारण मराठी माणसाला हे दुखणे घरचे आहे. पायथॉनच्या ‘आरई’मध्ये शब्द पकडायचा म्हणून उलटा स्लॅश आणि डब्ल्यू असा नमुना सगळेच लिहितात. त्याने ‘शालोम’ पकडून पाहा. एक शब्द येत नाही, श, ल, म असे तीन तुकडे येतात, कारण काना आणि ओकार यांना तो अक्षर मानत नाही. मात्रांवर तुटणारे मराठी शब्द ज्याने पाहिले आहेत, त्याला स्वरखुणांवर तुटणारी हिब्रू लगेच समजेल. दोन्ही लिप्यांना एकच औषध: अक्षर आणि त्याला चिकटलेल्या खुणा एकत्र धरा. नमुन्यात हिब्रू अक्षर, त्यापाठोपाठ शून्य किंवा अधिक खुणा, असे लिहा. शोधासाठी तुलना करायची असेल तर १४२५ ते १४७९ मधल्या खुणा तुलनेपुरत्या बाजूला काढा, पण त्याच पट्ट्यात १४७० वर मकाफ बसलेला आहे. तो हिब्रूचा जोडरेघेसारखा विराम. तो काढला तर दोन शब्द चिकटून एक होतात. त्याच्या जागी स्पेस ठेवा. आणि तुलनेआधी दोन्ही मजकूर एकाच प्रमाण रूपात आणा. एनएफसी या रूपात ठिपक्याचा तयार शिन आपोआप शिन आणि ठिपका असा सुटा होतो. पण अलेफ-लामेदचे जोडअक्षर तसेच राहते, त्याला एनएफकेसी लागते.

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून काही जण स्ट्रिंग उलटी करतात. करू नका. स्मरणात अक्षरे वाचनाच्या क्रमानेच साठवलेली असतात. ‘शालोम’चा शिन पहिलाच असतो. उजवीकडून दाखवणे हे पडद्याचे काम. मराठी आणि हिब्रू एका ओळीत आले की कंस आणि अंक भलतीकडे उडालेले दिसतात, पण साठवण ठीक असते. दिशा नीट दिसावी म्हणून लोक अदृश्य खुणा घालतात: ८२०६, ८२०७, ८२३४ ते ८२३८, ८२९४ ते ८२९७. या खुणा हिब्रू नाहीत, पण हिब्रूच्या शेजारी सापडतात, आणि दोन नावे दिसायला सारखी असून संगणक वेगळी म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा यांतलीच एखादी मध्ये असते. नुसत्या दिशेवरून हिब्रू ठरवणेही चूक. अरबी, उर्दू याही उजवीकडूनच लिहितात. युनिकोडमध्ये अरबीला दिशेचा वेगळा वर्ग आहे खरा, पण हिब्रूच्या वर्गात आफ्रिकेतली न्को ही लिपीही आहे.

कबरींच्या लेखांत माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका खुणेने. सन हिब्रूत अक्षरांनी लिहितात, आणि ही अक्षरे म्हणजे अंक आहेत हे कळावे म्हणून शेवटच्या अक्षराआधी गेरशायिम नावाची दोन लहान रेघांची खूण येते. तिचा क्रमांक १५२४. पण टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डवर ती सहसा हाताशी नसते, म्हणून तो साधे दुहेरी अवतरणचिन्ह, क्रमांक ३४, वापरतो. इथून दोन गोष्टी बिघडतात. एक, हिब्रू शब्द पकडणारा नमुना सनाच्या मधोमध तुटतो. म्हणून दोन हिब्रू अक्षरांच्या मध्ये आलेले ३४ किंवा ३९ क्रमांकाचे चिन्ह शब्दाचाच भाग धरा. दुसरी गोष्ट अधिक घातक. फाइल सीएसव्ही असेल तर दुहेरी अवतरण म्हणजे रकान्याची हद्द. सनातले ते चिन्ह दोनदा लिहिलेले नसेल तर रकाने एकमेकांत मिसळतात, आणि आजोबांचे नाव नातवाच्या ओळीत जाऊन बसते. सीएसव्ही हाताने, स्वल्पविराम जोडून लिहू नका. भाषेतली तयार लायब्ररी वापरा, ती हे चिन्ह नीट हाताळते.

कधी कधी ओळीत हिब्रू असते, पण कोणतीच तपासणी ती दाखवत नाही, कारण मजकूरच चुकीच्या सांकेतिकतेत उघडलेला असतो. अशी ओळ डोळ्यांनी ओळखता येते. एकाआड एक गुणाकाराचे चिन्ह × दिसू लागले तर ती बहुधा यूटीएफ-८ मधली हिब्रू आहे, जी लॅटिनची समजून उघडली गेली. हिब्रूच्या प्रत्येक मूळ अक्षराचा पहिला बाइट २१५ असतो, आणि जुन्या लॅटिन तक्त्यात २१५ म्हणजे गुणाकाराचे चिन्ह. तपासणी चालवण्याआधी फाइल योग्य सांकेतिकतेत उघडा. त्याहून जुनी हिब्रू फाइल असेल तर विंडोज-१२५५ किंवा आयएसओ ८८५९-८ करून पाहा. आपल्याकडे याचेच भावंड म्हणजे श्रीलिपी आणि कृतिदेव. छापखान्यातून आलेली जुनी पत्रिका पडद्यावर मराठी दिसते, पण आतले क्रमांक लॅटिन अक्षरांचे असतात, फक्त फाँटने त्यांना देवनागरीचा चेहरा दिलेला असतो. तिथे लिपी विचारणे व्यर्थ, आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

आणि लिपी ओळखली म्हणजे भाषा ओळखली असे नव्हे. आमच्या गल्लीत एका भिंतीवर हळदीकुंकवाची मराठी सूचना चिकटवलेली असते, शेजारी दुकानाची हिंदी पाटी, आणि पलीकडे पाठशाळेचा संस्कृत फलक. क्रमांकांच्या दृष्टीने तिन्ही देवनागरी. ‘ळ’ सापडला तर मराठी, असा नियम कुणी सुचवतो, पण ऋग्वेदातही ळ आहे आणि काशीत वेदाचा मजकूर काही दुर्मीळ नाही. हिब्रू अक्षरांतही तसेच. यिद्दिश हिब्रू अक्षरांत लिहितात, लादिनोही लिहीत. तेव्हा तुमच्या प्रोग्रामने उत्तर देताना ‘या ओळीत हिब्रू लिपी आहे’ एवढेच म्हणावे. भाषेचा निवाडा माणसाने किंवा वेगळ्या साधनाने करावा.

ब्रह्मा घाटावरच्या घरांत जुने कागद मोडी लिपीत आहेत, आणि कधीतरी तेही युनिकोडात टाइप होतील. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली. तिचे क्रमांक ७११६८ पासून सुरू होतात, म्हणून जावास्क्रिप्ट आणि जावात मोडीचे एक अक्षर दोन जागा घेते. अनुक्रमाने एकेक जागा तपासणारा कोड, जो हिब्रूवर बिनचूक चालतो, तो मोडीवर चुकतो. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ मध्ये तर मोडी बसतच नाही, तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ हवे. अक्षरे तपासताना पूर्ण युनिकोड अक्षराने पुढे जाण्याची सवय आत्ताच लावून घ्या.

तपासणी लिहून झाली की तिच्यावर सोप्या ओळी सोडून समाधान मानू नका. स्वरखुणांसकट एक ओळ द्या, अवतरणचिन्ह असलेला सन द्या, तयार ठिपक्याचा शिन, गणितातले अलेफ, नुसते अंक, रिकामी ओळ, आणि ‘दिवेकर’सारखे निखळ मराठी नाव द्या. प्रत्येकाचे अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहा, मग प्रोग्राम चालवा.

आणि मजकुरातून काहीही काढण्याआधी, कुठल्या लिपीची किती अक्षरे काढली जाणार आहेत ते मोजून पडद्यावर दाखवणारी एक ओळ कोडमध्ये घाला. मी ती घातली असती तर पडद्यावर हिब्रूचा आकडा आला असता आणि मी थांबलो असतो. तुमच्याकडे बेने इस्राएली घरातली पत्रे, लग्नाचे करार, कबरींच्या नोंदी असतील आणि तुम्ही त्या संगणकावर घेत असाल, तर मूळ फाइल कधीही बदलू नका. तिची प्रत घ्या आणि प्रतीवरच काम करा.